फुंकर मारायच्या आधी

१

माझं काम कातडी ताणायचं. आजान पिन गोंदतात, मी ताणतो. आजान म्हणजे गुरुजी, पिन हे त्यांचं नाव. आमच्या कालव्यावर त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. लोकांना वाटतं, ताणण्यात काय मोठं, दोन तळवे आणि दोन अंगठे, कुणीही करील. त्यांनी एकदा करून बघावं. पाठ घाबरते, आखडते, घाम सोडते. खांद्याखाली तिचा स्वभाव एक आणि कण्याजवळ दुसराच. ती नीट ताणली नाही तर रेघ तुटते, आणि तुटक्या रेघेत प्राणी राहत नाही. रेघ म्हणजे त्याचं कुंपण.

सतरा वर्षं हेच करतो आहे. सकाळी सातला ऋषींच्या मुखवट्यांपुढे फुलं आणि विडे ठेवायचे, सुया उकळायच्या, चटई झटकायची, उशी मांडायची. मग लोक येतात. दुकानदाराला पाल हवी असते, पालीमुळे गिऱ्हाईक वळतं. होडीवाल्याला मगर लागते. ज्याला भांडणातून, पोलिसांतून किंवा सासुरवाडीतून निसटायचं असतं, तो वाम मासा मागतो. आणि ज्याला कशालाच भ्यायचं नसतं, त्याला वाघ. वाघ मागणारे पुष्कळ. मिळतो तो वर्षाला दोघा-तिघांना.

गोंदून झालं की आजान डोळे मिटून मंत्र म्हणतात आणि ओल्या रेघांवर फुंकर मारतात. त्या फुंकरीनं प्राणी जागा होतो. तिच्या आधी मी दोन्ही हात काढून मांडीवर ठेवायचे, कारण फुंकर लागेल त्या कातडीत तो शिरतो. या घरात हा एकच नियम कडक आहे. बाकी सगळं चालतं.

माझी स्वतःची पाठ कोरी आहे. हलवायाच्या दुकानात सतरा वर्षं राबून जिभेला साखर लागू नये, तशातली गत. तीनदा वाघ मागितला. तिसऱ्या वेळी आजान म्हणाले, "युन, वाघ हा एकटा राहणारा प्राणी. तू दिवसभर शेजारच्याच्या ताटात बघतोस. तो तुझ्याकडे टिकेल कसा?" समोर चार माणसं बसली होती, ती हसली. मीही हसलो. आत काय झालं ते माझं मला ठाऊक.

मला वाघ कशाला हवा होता, तेही सांगून टाकतो. मारामारीसाठी नाही. माझी बायको सायुद, तिच्या वडिलांच्या पाठीवर वाघ होता. लहानपणी ती त्या पाठीला गाल लावून झोपायची. वर्षातून एकदा तरी हे ती सांगतेच, आणि सांगताना तिचे डोळे जसे होतात तसे माझ्याकडे बघताना कधी झाले नाहीत. लग्न झालं तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगदीच कोरी की हो." चेष्टेनं म्हणाली. त्याला चौदा वर्षं झाली. ती विसरली असेल, मी नाही.

२

थवील माडांवर चढून नीरा काढायचा आणि तिचा गूळ करायचा. मागच्या पावसाळ्यात तो पडला. बरगड्या जुळल्या, पण भीती बसली. माडाला हात लावला की पाय लटपटायचे. तो आला तेव्हा त्यानं वाघाचं नावही काढलं नाही. म्हणाला, "आजान, काहीही द्या. ससा दिलात तरी चालेल, फक्त वर चढता यावं."

आजाननी त्याला चटईवर पालथं निजवलं. मग मला म्हणाले, मोठी सुई दे. मी लहान पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि स्वतः उठून मोठी घेतली. मोठी सुई वाघाची.

चार तास मी त्या माणसाची पाठ ताणत होतो. कालचा आलेला, मागितलंसुद्धा नाही, आणि पंगतीत पहिलं वाढप त्याला. त्यातून त्या दिवशी मी डबा घरी विसरलो होतो, म्हणून अकराच्या सुमारास सायुद तो घेऊन आली. एरवी डबा ठेवून निघून जाते. त्या दिवशी बसली. वाघाचं तोंड नुकतं उमटलं होतं. तिनं मान पुढे करून बघितलं आणि म्हणाली, "बाबांचाही असाच होता. कान जरासे मागे."

थवील उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "कसा दिसतोय वहिनी? मला तर नुसती चटई दिसतेय."

ती हसली. आणि मग कोपऱ्यातला विणलेला पंखा घेऊन त्याच्या पाठीवर वारा घालायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ताप होता तेव्हासुद्धा ती म्हणाली होती, खिडकीपाशी निजा, वारा येतो.

त्याच वेळी माझ्या डाव्या तळव्याखाली काहीतरी हललं. पाठ आखडते, थरथरते, ते सगळं मला हातानं वाचता येतं. हे वेगळं होतं. कातडी सावकाश वर आली, माझ्या तळव्याला टेकली, आणि सावकाश खाली गेली. झोपलेल्या जनावराच्या पोटावर हात ठेवला तर असं लागतं. मी थवीलच्या श्वासाकडे लक्ष दिलं. तो भराभर चालला होता, त्याचा ताल निराळा होता.

शेवटी आजाननी डोळे गोंदले, सुई ठेवली आणि मंत्र सुरू केला. सायुद त्या पाठीकडे बघत होती. मी उजवा हात काढला. डाव्यावर रक्त टिपायचं फडकं पडलं होतं, तो कुणाला दिसत नव्हता. तो मी काढला नाही. विसरलो, असं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. विसरलो नव्हतो. फुंकर त्या पाठीवर आली आणि माझ्या मनगटापर्यंत गार वारा लागला.

३

तळहातावर काही दिसत नव्हतं. चार दिवस तो जरा ऊन लागायचा, एवढंच.

पण बुद्धविहाराच्या फाटकापाशी जी कुत्री सतरा वर्षं माझ्यावर भुंकत आली, ती गप्प झाली. मी दिसलो की शेपूट घालून ओट्याखाली जायची. मला असा आनंद झाला की विचारू नका. थवील नुसतं कुंपण पाठीवर घेऊन हिंडतोय आणि जनावर माझ्याकडे आहे, हे मी मनाशी रोज दोन-चारदा म्हणायचो. एकच गोष्ट खटकायची. कुत्री माझ्याकडे बघत नसत. मी फाटकापाशी पोचायच्या आधीच ती ओट्याखाली गेलेली असायची, आणि तिथून त्यांचे डोळे लागलेले असायचे माझ्या घराच्या दिशेला.

एका संध्याकाळी सायुद ताट वाढताना म्हणाली, "दुपारी आलात आणि न बोलताच गेलात."

दुपारी मी एका ट्रकवाल्याच्या खांद्यावर मगर ताणत होतो. तसं सांगणार होतो, पण तिच्या आवाजात काहीतरी मऊ होतं. तसा आवाज माझ्या वाट्याला क्वचितच येतो. मी म्हणालो, "हो, जरा घाई होती."

"बसलात ते बरं वाटलं," ती म्हणाली. "पाठ टेकायला झालं."

सायुद घरी चिंचा सोलते. व्यापारी पोती टाकून जातो. ती जमिनीवर बसून टरफलं आणि चिंचोके काढते, आणि दुपारच्या उकाड्यात तिला डुलकी लागते. स्वप्न पडलं असणार. कुणालाही पडेल. दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, आज बराच वेळ होतात. चार दिवसांनी म्हणाली, हल्ली तुमचं अंग फार ऊन असतं, औषध घ्या. मी दर वेळी हो म्हणालो. जे कौतुक चालून आलं ते मी घेत गेलो, कुणाचं आहे हे विचारलं नाही.

४

मार्चमध्ये आमची गुरुपूजा असते. आजाननी गोंदलेले सगळे त्या दिवशी येतात आणि पटांगणात मुखवट्यांसमोर बसतात. मंत्र सुरू झाला की एकेकाच्या अंगात त्याचा प्राणी येतो. मगरवाले पोटावर सरपटतात, वाघवाले डरकाळी फोडून चार पायांवर धावत येतात. आम्ही त्यांना पुढे अडवायचं आणि दोन्ही कान चोळायचे. कान चोळले की माणूस परत येतो आणि ओशाळून हसतो.

त्या वर्षी मी तीस-एक कान चोळले. थवील चौथ्या रांगेत होता. त्याच्या आजूबाजूचे सहा वाघ उठले, त्याच्या डोक्यावरून उड्या मारून गेले. तो हात जोडून बसून राहिला. नंतर चहाच्या पिंपापाशी मला गाठून म्हणाला, "दादा, माझं काही चुकलं का हो? चढायला येतं, भीती गेली, खोटं कशाला बोलू. पण पाठीवर कुणी आहेसं वाटत नाही. कॅलेंडर अडकवल्यासारखं आहे नुसतं."

मी म्हणालो, "वेळ लागतो एकेकाला." आणि मनात लाडू फुटले.

सगळे गेल्यावर आजाननी मला बोलावलं. ते थकले होते, खांबाला टेकून बसले होते. विचारलं, "थवीलच्या वेळी हात केव्हा काढलेस?"

"वेळेवर."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी माझे तळवे बघायला मागितले नाहीत. एवढंच म्हणाले की एखाद्याचा हात मागे राहिला तर उपाय अवघड नसतो. तो हात त्या पाठीवर पुन्हा ठेवायचा, एक फुंकर पुरते. पण ज्याचा हात, त्यानं आपण होऊन ठेवायला हवा. "कुंपण एकीकडे आणि जनावर दुसरीकडे, असं फार दिवस राहू नये," ते म्हणाले. "त्याला कुठेतरी बसावं लागतंच."

मी हो म्हणून चटया गोळा करायला गेलो. इतक्या वर्षांनी हाताशी आलेलं परत द्यायला मी काही साधू नव्हतो.

५

गुरुपूजेनंतर सायुद दुपारचं काही सांगेनाशी झाली.

आधी वाटलं, संपलं असेल. मग मीच एकदा जेवताना विचारलं, "आज आलो होतो का मी?" असा प्रश्न कुणी बायकोला विचारत नाही. हसण्यावारी विचारला. ती हसली नाही, चमकलीही नाही. "नाही," म्हणाली, मान खाली घालून. तिच्या डाव्या गालावर लालसर वळ होते. कशावर तरी बराच वेळ गाल टेकला की उठतात तसे.

घरात आणखीही फरक होता. मधल्या खोलीतल्या दोन फळ्या खाली वाकल्या होत्या. आमचं घर खांबांवर आहे, फळ्या वाकतात, पण त्या जागी काही जड ठेवलेलं नव्हतं. कोंबड्या घराखाली बसायच्या बंद झाल्या. आणि सायुद गात होती. भांडी घासताना, केस विंचरताना, हळू आवाजात. चौदा वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. तिला येतं हेच मला माहीत नव्हतं.

मी माझ्या अकलेनं विचार केला. भूतबीत काही नाही. दुपारी घरी कुणीतरी येतं. आणि कालव्यावर असा कोण आहे, ज्याच्या पाठीला वारा घालताना तिचा हात दुखत नाही? स्वयंपाकघरात थवीलच्या गुळाच्या तीन ढेपा होत्या. त्या मी आधी मोजल्या नव्हत्या, याचाच मला राग आला. कुत्री कुणाला भीत होती तेही आता उलगडलं असं वाटलं. रात्री तिच्याकडे पाठ करून निजायचो आणि डोळ्यांपुढे तो वाघ आणि त्यावर तिचा गाल.

एका मंगळवारी दीडच्या सुमाराला आजानना सांगितलं, पोटात दुखतंय. आणि घराकडे निघालो. आधी थवीलची वाडी वाटेत लागते. म्हटलं, तो तिथे नसेल, म्हणजे पुरावाच झाला.

तो होता. चाळीस हात वर, झावळ्यांत, फुलोऱ्याच्या पोयीला भांडं बांधत होता. वरूनच ओरडला, "दादा, उन्हाचे कुठे निघालात? नीरा घेऊन जा वहिनींना."

मला इतकं हलकं वाटलं की त्याला मी हात हलवला. मग वीस-पंचवीस पावलं चाललो आणि थांबलो. थवील माडावर होता. मी इथे रस्त्यात होतो. मागून त्याच्या कोयत्याचा आवाज येत होता, आणि मला पुढे पाऊल टाकवेना.

६

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं लाकडी पायऱ्या आहेत, मागे कालवा. मी चपला काढल्या आणि कडेकडेनं चढलो, तिथे फळी वाजत नाही. दार लोटलेलं होतं. भिंतीच्या फळ्यांत बोटभर फट आहे. दर पावसाळ्यात ती बुजवायची ठरवतो.

आत चिंचेचा आंबूस वास होता, आणि दुसरा एक, ओल्या गवतासारखा. सायुद जमिनीवर बसली होती. परात पुढ्यात होती, पण हात थांबले होते. ती मागे टेकून बसली होती एका माणसाच्या पाठीला. त्याचं तोंड पलीकडच्या भिंतीकडे. कमरेला निळ्या चौकड्यांचा पंचा. तोच पंचा त्या क्षणी माझ्या कमरेला होता, मी हात लावून बघितला.

माणसाला स्वतःची पाठ ओळखता येत नाही. मी हजारो पाठी हाताळल्या, ही एक सोडून. तरी खांदे माझे होते, मान माझी होती. सायुद जरा कलली आणि त्याच्या खांद्याखालचा भाग मला दिसला. मी वाघ शोधत होतो. तिथे एकही रेघ नव्हती. पाठ कोरी होती.

त्या कोऱ्या पाठीवर तिनं गाल टेकला. पाठ सावकाश वर आली आणि सावकाश खाली गेली. तो ताल मला माहीत होता. फळ्या तेवढ्या वेळात वाकल्या आणि सरळ झाल्या.

सायुद बोलत होती. आईच्या आजारपणाचं, एका निळ्या छत्रीचं, लहानपणी कालव्यात बुडता बुडता वाचल्याचं. यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं नव्हतं की तिनं सांगितलं नव्हतं, आता आठवत नाही. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "संध्याकाळी ते येतात ना, तेव्हा तू इथे राहू नकोस. फार जळतात ते. त्यांना सहन व्हायचं नाही."

माझा श्वास बहुतेक जोरात गेला असावा. त्या माणसाचं डोकं हललं नाही. कान तेवढा माझ्याकडे वळला. आधी टोकाकडून, मग सगळा.

त्याच्या पायांचे तळवे फटीच्या बाजूला होते. मी तिकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

७

मी तिथून निघालो तो सरळ आजानकडे. तळहात तापला होता. मी ओसरीवर दम घेतो न घेतो तोच थवीलही तिथे येऊन बसला. नीरेचं भांडं घेऊन तो आधी आमच्या घरी गेला होता, मी तिथे सापडलो नाही म्हणून इकडे आला. म्हणाला, खालूनच हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, पण वर माणूस असल्यासारखं वाटलं. उकाड्यामुळे त्यानं सदरा काढला होता. वाघ सुकून, खपल्या जाऊन, अगदी देखणा झाला होता. कान जरासे मागे.

आजान आतून आले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते काही न विचारता थवीलच्या मागे बसले आणि माझ्यासाठी डावीकडे जागा केली. म्हणाले, "ठेव हात. एवढंच करायचंय."

मी बसलो. हात उचलला. थवीलला काही कळत नव्हतं. तो मान वळवून विचारत होता की वहिनींना नीरा आवडते की गूळच पाठवू.

हात त्या पाठीपासून चार बोटांवर होता, आणि मी हिशेब मांडला. हात ठेवला की माझं घर रिकामं होईल. दुपारी सायुद चिंचा सोलेल आणि मागे टेकायला कुणी नसेल. ती गायची थांबेल. दोन दिवस, चार दिवस वाट बघेल, आणि मग एखाद्या दिवशी हा मूर्ख गूळ घेऊन येईल, सदरा काढून पायरीवर बसेल, आणि तिला कळेल तो कुठे गेला ते. ती चुकायची नाही. गाल टेकल्यावर तिला ताल कळेल. आज जे आहे ते निदान माझ्या घरात आहे, माझा पंचा नेसून आहे, माझ्या कोऱ्या पाठीनं बसतं. तिला ते आवडलं तर त्यात माझंही काहीतरी आवडलं असणार.

मी हात खाली घेतला. म्हणालो, "आजान, माझा हात वेळेवर निघाला होता."

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फुलं ठेवली, सुया उकळल्या, चटई झटकली. अजून मीच ताणतो. फुंकरीच्या वेळी आता ते डोळे मिटत नाहीत, माझ्या हातांकडे बघत मंत्र म्हणतात.

संध्याकाळी घरी जाताना मी पायऱ्यांशी थांबतो आणि खालूनच खोकतो. वर फळ्या एकदा वाकतात आणि सरळ होतात, मागच्या बाजूला पाण्यात काहीतरी उतरल्याचा आवाज येतो, मग सायुद म्हणते, "या." काही दिवस ती लगेच म्हणत नाही. तेव्हा मी खाली उभा राहतो.